कपाट भरलेले असूनही स्वतःची अशी वेशभूषा नाही. ती कशी घडवावी?

प्राध्यापिका_नागपूर

नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयात मी अलीकडेच शिकवायला लागले आहे. आजवर माझे कपडे आधी आईने, मग मैत्रिणींनी आणि अलीकडे मोबाइलवर दिसणाऱ्या छायाचित्रांनी ठरवले. त्यामुळे कपाट भरलेले असले, तरी त्यातले माझ्या आवडीचे कोणते आणि दुसऱ्यांच्या आवडीतून आलेले कोणते, हे मला सांगता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या अंगावर एखादा पोशाख किती खुलून दिसतो हे मला चटकन जाणवते. पण तसाच पोशाख मी घातला की ओढणी सावरण्यात आणि कुर्ता खाली ओढण्यातच दिवस जातो.

माझी दिनचर्या सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोयीचे होईल. खामल्याहून सिव्हिल लाइन्सपर्यंत मी दुचाकीने जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा डोके आणि चेहरा दुपट्ट्यात गुंडाळल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. वर्गात फळ्यावर लिहावे लागते, तिथे फक्त पंखे आहेत. विभागाच्या खोलीत मात्र एसीमुळे गारठा असतो. कपड्यांवर दरमहा मोठी रक्कम खर्च करणे मला शक्य नाही. माझ्याकडे आजीची एक करवती काठाची टसर साडी आहे. ती मला सर्वांत प्रिय आहे, पण घरच्यांच्या मते ती लग्नकार्यापुरतीच नेसायची असते.

माझा प्रश्न असा आहे की, स्वतःची वेशभूषा शोधायची तर सुरुवात कोठून करावी : रंगापासून, कापडापासून की मापापासून? आणि वर्ग, समारंभ व रविवार या तिन्ही ठिकाणी मी सारखीच दिसावी, अशी अपेक्षा धरणे योग्य आहे का?

महालचा_शिवणकार

ताई, महाल भागात माझे शिवणकामाचे दुकान आहे, त्यामुळे माझे उत्तर मापाच्या बाजूने झुकणार हे उघड आहे. तरीही ते मी विचारपूर्वक देतो आहे, कारण तुमच्या प्रश्नातील एका वाक्यातच निम्मे उत्तर आहे. कुर्ता सारखा खाली ओढावा लागतो, असे तुम्ही लिहिले आहे. ही तक्रार माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहक महिला करतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोष मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईत सापडतो.

तयार कुर्ता अनेक बांध्यांच्या स्त्रियांना बसावा म्हणून त्याचा मुंढा बऱ्याचदा खोल कापलेला असतो. खोल मुंढा घालायला मोकळा वाटतो, पण त्यात बाही आणि बाजूची शिवण काखेच्या बऱ्याच खाली जोडलेल्या असतात, म्हणून हात वर केला की बाहीबरोबर सगळा कुर्ताच वर ओढला जातो. फळ्यावर लिहिताना तुमचे हेच होत असणार. मुंढा काखेच्या जवळ घेतला आणि बाहीच्या वरच्या भागात पुरेसा घेर ठेवला, तर हात डोक्यावर नेला तरी कुर्त्याचा खालचा काठ फारसा हलत नाही. दुसरे कारण नितंबांचे माप. तिथे कुर्ता तंग असेल, तर बसून उठल्यावर तो वरच राहतो. अशा वेळी बाजूचा कट दीड-दोन इंच वर घेतला तरी फरक पडतो. ओढणी घसरते, त्यामागे बहुधा गळ्याची जास्त रुंदी आणि ओढणीचे गुळगुळीत कापड ही दोन कारणे असतात. जॉर्जेट सुती कुर्त्यावर टिकत नाही. सुती ओढणीला सुती खांदा धरून ठेवतो.

माझा सल्ला असा आहे की, नवीन काहीही घेण्यापूर्वी कपाटातून असे कपडे बाजूला काढा, जे घातल्यावर दिवसभरात त्यांची तुम्हाला आठवणही होत नाही. ते उलटे करून जमिनीवर सपाट पसरा आणि टेपने मोजा. तीरा (एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी) किती, मुंढा किती, छाती किती, उंची गुडघ्याच्या वर येते की खाली, बाही कोपरावर संपते की मनगटावर, सलवारीची मोहरी (पायाशी असलेली रुंदी) किती, हे सर्व एका वहीत लिहून काढा. त्यात काही आकडे पुन्हा पुन्हा येतील. ते आकडे तुमच्या शरीराने मान्य केलेले आहेत, आणि माझ्या मते कोणाच्याही शैलीचा पाया तोच असतो. मासिकातील मुलीवर जे शोभते, ते पुष्कळदा तिच्या मापाने शिवलेले असते किंवा छायाचित्र काढताना पाठीमागून टाचण्यांनी आवळलेले असते.

शिंप्याकडे जाताना मापाचा कपडा घेऊन जा, पण तेवढ्यावर थांबू नका. शिवलेला कुर्ता तिथेच घालून पाहा, हात वर करा, स्टुलावर बसा, वाका. बाजूच्या शिवणीत निदान इंचभर माया, म्हणजे जादा कापड, सोडायला सांगा, म्हणजे अंग भरले तरी कपडा वाया जात नाही. तयार कपडा घ्यायचा असेल, तर आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे. बाजू, उंची, बाही हे सारे आम्ही थोड्या पैशांत दुरुस्त करतो. खांदा मात्र उसवून पुन्हा बसवावा लागतो, तो खर्च आणि परिणाम दोन्ही समाधान देत नाहीत.

उमरेडकर

वरील उत्तरातील मुंढ्याचे विवेचन मला पूर्णपणे पटले, परंतु सुरुवात मापापासून करावी हे मत मला मान्य नाही. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या हातमाग चालला. नागपुरात राहणाऱ्या माणसाने आधी कापड ठरवावे, असे माझे ठाम मत आहे, कारण येथील हवाच बाकीचे निर्णय घेते. उत्तम मापाचा पॉलिस्टरचा कुर्ता नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, दुपारी अंगाला चिकटला, की त्याचे माप पाहायला कोणी थांबत नाही.

सर्वसाधारण हवेत पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या आसपासच ओलावा धरतो, सुती कापड ७ ते ८ टक्के, तर रेशीम सुमारे ११ टक्के. घाम धाग्यात शिरायला जागाच नसेल, तर तो त्वचेवर राहतो. रेयॉन, ज्याला व्हिस्कोसही म्हणतात, ओलावा सुती कापडापेक्षाही अधिक शोषते आणि हाताला थंड लागते, म्हणून उन्हाळ्यात त्याची मोठी विक्री होते. पण ओले झाल्यावर ते दुबळे पडते आणि काही धुण्यांनंतर खाली लोंबू लागते. म्हणून रोजच्या वापरासाठी केंब्रिक, जाडसर मलमल आणि हातमागाचे सुती कापड मी सुचवेन. दुकानात कापड मुठीत चुरगळून सोडावे, दिव्यासमोर धरून त्याचा पोत पाहावा, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती आहे हे विचारल्याशिवाय मीटर सांगू नयेत. सुती कापड शिवायला देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर ते शिवल्यानंतर आटते आणि काळजीपूर्वक लिहून ठेवलेली मापे निरुपयोगी होतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतता येते, आणि हात लावून पाहण्यासाठी ती फेरी करण्याजोगी आहे. असे रंग सौम्य साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत.

आता आपल्या आजींच्या साडीविषयी, कारण तो उल्लेख वाचून मला फार आनंद झाला. करवती काठ हा विदर्भाचा स्वतःचा वाण आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. भंडारा आणि गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळल्या जातात, त्या कोशांचा धागा साडीच्या अंगाला, म्हणजे मधल्या भागाला असतो, आणि काठ रंगीत, बहुधा सुती. विणताना आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, एक अंगासाठी आणि दोन दोन्ही बाजूंच्या काठांसाठी. अंगाचा आडवा धागा काठाच्या धाग्यात जिथे गुंतवला जातो, तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. साडी उलटून पाहा : खऱ्या विणीत दाते उलट्या बाजूलाही तितकेच रेखीव दिसतात, छापलेल्या काठात ते तसे दिसत नाहीत.

ती केवळ लग्नकार्यात नेसावी, असे मला वाटत नाही. टसरचा मूळ रंग मधासारखा, चमक मंद आणि पोत किंचित खरखरीत असतो. पुष्कळ जरीकाम असलेल्या साडीसारखा तिचा भपका नाही, म्हणून साध्या सुती ब्लाउजवर ती वर्गातही शोभून दिसेल. मात्र आधी ती उन्हासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासा. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले, तर घडीवर चिरते. चिरा दिसल्या, तर ती नेहमी नेसू नये. ती धड असेल, तर दर काही महिन्यांनी घडी बदलावी, मलमलीत गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये आणि डांबराच्या गोळ्या थेट कापडाला लागू देऊ नयेत.

निवृत्त_शिक्षिका

रंगाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहिते. त्वचेच्या छटेवरून माणसांना चार ऋतूंत विभागणारे तक्ते सध्या सर्वत्र फिरत आहेत. त्यांवर फार विसंबून राहू नये, असे मला वाटते. ते तक्ते केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगातील फरकांवर बरेच अवलंबून आहेत. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद, त्यामुळे निम्मे गाव एकाच ऋतूत जाऊन बसते. त्यापेक्षा कापड हनुवटीखाली धरून दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. आधी चेहऱ्याकडे नजर गेली तर रंग ठेवावा, आधी कापडाकडे गेली तर परत करावा. इतवारी किंवा गांधीबागेतील दुकानांत आतल्या दिव्यांखाली जांभळा निळा दिसतो आणि मोरपिशी हिरवा. दुकानदाराला विनंती करून तागा दारापर्यंत आणावा, बहुतेक दुकानदार आनंदाने आणतात.

शिक्षिकेसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. खडूची धूळ काळ्या, गडद निळ्या आणि गडद मरून कापडावर पहिल्या तासातच दिसू लागते. बारीक चौकडी, दोन रंगांच्या धाग्यांनी विणलेले कापड आणि राखाडी, मातकट किंवा फिकट हिरव्या छटा ही धूळ दिवसभर झाकतात. दुचाकीवर उन्हात गडद रंग अधिक तापतो, तोही मुद्दा आहेच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की तिन्ही ठिकाणी कपडे एक नसावेत, पण त्यांची ठेवण एक असू शकते. तुम्हाला उंच गळा आणि कोपरापर्यंतची बाही आवडत असेल, तर वर्गात ती सुती कुर्त्यावर असेल, समारंभात टसरच्या साडीवरील ब्लाउजला असेल आणि रविवारी सैल सदऱ्याला. पाहणाऱ्याला ती आवड हळूहळू ओळखू येते. आणि तेच कपडे आलटून पालटून घालायला संकोच करू नका; माझ्या विद्यार्थिनींना माझ्या साड्या ओळखीच्या झाल्या होत्या आणि एखादी बरेच दिवस दिसली नाही, तर त्या आवर्जून विचारत.

दीक्षाभूमी_परिसर

चर्चा अतिशय उपयुक्त आहे. तरीही मला एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. प्रश्नकर्तीने सुरुवातीलाच लिहिले आहे की, तिचे कपडे इतरांनी ठरवले. हा केवळ मापाचा किंवा कापडाचा प्रश्न नाही.

आपल्या या भागाशी ज्यांचे नाते आहे, अशा दोन व्यक्तींनी आपल्या पोशाखाचा जितका विचार केला, तितका फार थोड्या लोकांनी केला असेल. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत आखूड पंचा नेसण्याचा निर्णय घेतला, कारण देशातील गरीब माणसाला त्याहून अधिक वस्त्र मिळत नव्हते. पुढे सेवाग्रामलाही त्यांचा तोच वेश राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोट, टाय आणि स्वच्छ, नीटनेटका पोशाख स्वीकारला, आणि ज्या समाजाला चांगले वस्त्र वापरण्याचीही मुभा शतकानुशतके नाकारली गेली होती, त्या समाजासाठी त्या पोशाखाचा अर्थ फार मोठा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. साडी नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने पाहताच जात ओळखली जाते, ते सोडून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि तेथील स्त्रियांनी लगेच साडी नेसण्याची पद्धत बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून आले, त्यात अनेकांनी त्यासाठी घरातील किडूकमिडूक विकले होते, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत. आम्ही ते ऐकत मोठे झालो, म्हणून कपड्यांच्या विषयाला मी वरवरचा मानू शकत नाही.

ताई, आपल्या कपाटातील प्रत्येक कपड्याविषयी तो कोणी ठरवला आणि का ठरवला, हे एकदा विचारून पाहा. आईने निवडलेले सगळेच टाकून द्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यातील पुष्कळसे तुम्ही आता समजून उमजून ठेवाल. पण ‘प्राध्यापिकेने साडीच नेसावी’ किंवा ‘त्या वयात इतके फिकट रंग बरे दिसत नाहीत’ अशी वाक्ये ज्या कपड्यांना चिकटलेली आहेत, ते वेगळे काढावेत. महाविद्यालयात साडीचा लेखी नियम आहे की केवळ प्रघात आहे, याची कार्यालयात शांतपणे चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी नियम नसतो, आणि ते कळल्यावर साडी नेसली तरी ती तुमच्या इच्छेने नेसलेली असते.

प्राध्यापिका_नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे मी कपाट रिकामे करून मापे लिहून काढली. ज्या कपड्यांचा मला दिवसभर विसर पडतो, ते जवळजवळ सगळे पोटरीपर्यंत पोहोचणारे, सरळ कापलेले, बंद गळ्याचे आणि कोपराच्या खाली बाही असलेले सुती कुर्ते निघाले. त्यांपैकी एकही कुर्ता छायाचित्र पाहून घेतलेला नाही. रंगही राखाडी, हळदी आणि गेरूचे आहेत. हे माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षे होते आणि मला दिसले नाही, याचे आश्चर्य वाटले. महाविद्यालयात लेखी नियम नाही, हेही विचारून घेतले.

उमरेडकर यांच्या सांगण्यावरून साडी उजेडात पाहिली. अंग धड आहे, पण पदराजवळच्या एका घडीवर बारीक चिरा दिसतात. काठ दोन्ही बाजूंनी तितकाच रेखीव आहे, हे पाहून फार समाधान वाटले. आता दोन शंका आहेत. या साडीवर गेरूच्या रंगाचा बंद गळ्याचा सुती ब्लाउज शिवायचा आहे. त्याला अस्तर लावावे का? आणि पदराच्या चिरांचे काही करता येईल का?

उमरेडकर

चिरा पुढे वाढू नयेत म्हणून तेवढ्या भागाला मागून पातळ रेशमी जाळी हाताने टाचून घेता येते. टाके सैल आणि दूरदूर असावेत, ओढून घेतले तर शेजारचा धागा तुटतो. हे काम यंत्रावर कोणाला करू देऊ नका. पदर खांद्यावर चुण्या करून पिनने बांधण्याऐवजी मोकळा सोडला, तर त्या भागावर ताण येणार नाही. पिन लावावीच लागली, तर ती काठात लावावी, टसरमध्ये नाही. वर्गासाठी ही साडी थंडीच्या महिन्यांत नेसा. घाम रेशमावर डाग पाडतो आणि धागाही कमकुवत करतो.

महालचा_शिवणकार

ताई, सुती ब्लाउजला पूर्ण अस्तर लावल्यास उन्हाळ्यात त्रास होईल. कापड दाट विणीचे असेल, तर अस्तर नको. विरळ असेल, तर फक्त पुढच्या भागाला मलमलीचे अस्तर लावावे आणि पाठ व बाह्या मोकळ्या ठेवाव्यात. अस्तराची मलमल आणि गेरूचे कापड दोन्ही वेगवेगळे भिजवा. गेरूचा रंग पहिल्या पाण्यात उतरतो, आणि तो फिकट टसरवर लागला तर निघणार नाही, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि मगच कापायला द्या. ब्लाउजचा मुंढा तुमच्या आवडत्या कुर्त्याच्या मापावरून न घेता अर्धा-पाऊण इंच वर घ्यायला सांगा, कारण ब्लाउजची उंची कमी असल्याने हात वर गेला की तो कुर्त्यापेक्षा जास्त उचलला जातो. कापड ३६ इंच पन्ह्याचे असेल, तर या बाहीसाठी एक मीटर घ्या, उरलेल्यातून गळ्याची पट्टी निघेल.